दगडू आणि दया : आत्मसन्मानाचे दोन थर

मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असताना मुंबई ते ठाणे अशा लोहमार्गाची कल्पना त्यांना प्रथम सुचली, अशी नोंद भारतीय रेल्वेच्या इतिहासात आढळते. त्यानंतर दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भांडुपवरूनच गेली. एप्रिल १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढवण्यात आली तेव्हा मध्य रेल्वेच्या बाजूने ती भांडुपपर्यंत आणून थांबवण्यात आली. १९५७ मध्ये ती मुलुंडपर्यंत सरकली. मधली सात वर्षे मुंबई भांडुपला संपत होती. ज्या गावी रेल्वेची कल्पना जन्मली त्याच गावावरून आज अनेक जलद लोकल न थांबता पुढे जातात, ही गोष्ट वेगळी.

आम्ही ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तिथे भांडुपहून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. टेंभीपाडा, कोकणनगर, सोनापूर ही नावे आमच्या हजेरीपटाला सरावाची आहेत. कुणाचे आजोबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात होते, कुणाचे कुटुंब १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबाग सोडून इथल्या डोंगरउताराच्या चाळींत आले. वर्षाच्या आरंभी आम्ही ओळख करून घेतो. 'कुठे राहतोस?' असे विचारले की यांतले काही जण 'मुलुंडच्या अलीकडे' असे उत्तर देतात. हीच मुले निबंधात मात्र 'मला माझ्या वस्तीचा सार्थ अभिमान आहे' असे लिहितात, आणि ते खोटे लिहितात असे आम्हांला कधीही वाटलेले नाही. लेखणीतला अभिमान खरा आहे आणि ओठांवरचा संकोचही खरा आहे. एकाच माणसात या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा नांदतात, आणि त्या तशा नांदत असताना त्या माणसाच्या मनःस्वास्थ्याचे काय होते, हा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे पडलेला आहे. मानसशास्त्र हा आमचा विषय नव्हे. मात्र गेल्या दीडशे वर्षांच्या मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा एक सलग इतिहास दडलेला आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांविषयी. माणूस स्वतःविषयी जाणूनबुजून जे मत बाळगतो, विचारल्यावर जे सांगतो, तो त्याचा जाणिवेतला आत्मसन्मान. विचार करण्यापूर्वीच स्वतःविषयी जी आपुलकी किंवा नावड मनात उमटते, ती नेणिवेतली. 'जाणीव' आणि 'नेणीव' ही जोडी मराठीला संतांनीच दिली आहे; आधुनिक मानसशास्त्राने ती फक्त नव्या कामाला लावली. 'आत्मसन्मान' या कल्पनेचा प्रवास मात्र सरळ झालेला नाही. आपल्या परंपरेत 'अभिमान' हा बराच काळ दोष होता. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचा विस्तार आहे, त्यात पहिले लक्षण अमानित्व. आज वर्तमानपत्रांतून रोज भेटणारी 'अस्मिता' ही पातंजल योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'अस्मितादर्श' सुरू केले, तेव्हा क्लेशवाचक शब्दाला त्यांनी आरसा जोडला होता. हा अर्थबदल कोशकारांनी केला नाही. मानीपणा सोडण्याचा उपदेश ज्यांच्याकडे मुळात मानच नाही त्यांनाही तितकाच लागू होतो काय, हा प्रश्न विचारणाऱ्या समाजाने तो केला. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारात, देवळाच्या बाहेर आहे. विनय हा सद्गुण ठरण्यासाठी आधी आत जाण्याची मुभा असावी लागते.

या इतिहासाचा सर्वांत बारीक धागा माणसांच्या नावांत सापडतो. १८७३ साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. त्याची रचना संवादाची आहे. एक बोलणारा जोतीराव, दुसरा धोंडीबा. धोंडीबा शंका विचारतो, जोतीराव त्या फेडतो. बरोबर एकशे पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, 'ग्रंथाली'ने दया पवारांचे 'बलुतं' काढले. त्याचीही रचना दोघांची आहे. एक ऐकणारा दया पवार, दुसरा सांगणारा दगडू मारुती पवार. धोंडीबातला धोंडा आणि दगडूतला दगड एकच आहेत, हे आमच्या एका सहकाऱ्याच्या लक्षात आले तेव्हा आम्ही सारेच थोडे थबकलो. मराठीतील दोन युगप्रवर्तक पुस्तकांत समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाव दगड आहे. हा योगायोगही असेल. पण ज्या समाजात असे योगायोग वारंवार घडू शकतात त्या समाजाची नामव्यवस्था तपासून पाहिली पाहिजे.

दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, उकिरडा अशी नावे ठेवण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. एक लोकाचाराचे. आधीची मुले दगावली असतील तर पुढच्या मुलाला टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि मृत्यूचेही लक्ष जात नाही. हा आचार सर्व जातींत होता. दुसरे कारण शास्त्राचे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चारही वर्णांची नावे कशी असावीत हे सांगताना शूद्राच्या नावातून जुगुप्सा व्यक्त व्हावी, असे विधान केलेले आहे. पहिल्या कारणात आईची माया आहे, दुसऱ्यात व्यवस्थेचा तिरस्कार. नाव मात्र दोन्हींकडून तेच निघते.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, 'भारतरत्न' मिळालेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पुण्यातला सर्वांत प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हलवाईही दगडूशेठ. भाविक हे नाव घेतात तेव्हा त्यांच्या मनात दगड येत नाही. धोंडोपंत आणि धोंड्या, दगडूशेठ आणि दगड्या, यांत मूळ शब्द एकच आहे. फरक आहे तो प्रत्ययाचा. एकाला 'पंत' लागतो, एकाला 'शेठ', आणि एकाला तुच्छतेचा 'या'. अपमानाचे घर शब्दात नसून हाकेत असते, असा निष्कर्ष यातून काढता येईल. आणि हाक ही दिवसातून पन्नास वेळा मारली जाणारी गोष्ट आहे. ती कानांवर इतक्या लहानपणी आणि इतक्या वेळा पडते की तिच्याविषयी मत बनवण्याची वेळ येण्यापूर्वीच ती आत जाऊन बसलेली असते. नेणिवेतला आत्मसन्मान घडतो तो बहुधा अशाच द्रव्यातून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी चळवळ उभारली तिच्याकडे राजकीय हक्कांची चळवळ म्हणून आपण पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण ती माणसाच्या स्वतःविषयीच्या मतात बदल घडवणारी फार मोठी सामूहिक योजनाही होती. त्यांच्या नियतकालिकांची नावे क्रमाने वाचावीत : १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० चे 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत'. मुक्यापासून बहिष्कृतापर्यंत, तेथून जनतेपर्यंत आणि शेवटी प्रबुद्धापर्यंत, असा हा छत्तीस वर्षांत केलेला आत्मवर्णनाचा प्रवास आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृतीच्या दहनानंतर, महाडमध्येच स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले त्याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, जातीची खूण ठरणारे जड दागिने टाका, घर आणि मुले स्वच्छ ठेवा, असा त्यांचा सांगावा होता. वरवर पाहता या किरकोळ गोष्टी आहेत. पण रोज अंगावर बाळगली जाणारी खूण ही रोज मारल्या जाणाऱ्या हाकेसारखीच असते. ठराव जिथे पोचत नाही तिथे लुगड्याची नेसण पोचते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर हा बदल नावांपर्यंत आला. पाळण्यात सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे ऐकू येऊ लागली. एका पिढीत दगडूच्या घरी मिलिंद जन्मला. कायदाही मागून आला : महारकी ज्यात मोडे ती गावकीची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. पण त्याचे अधिकृत नाव मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम! जे नष्ट करायचे त्याला नाव देताना 'कनिष्ठ' हा शब्द कायद्याच्या माथ्यावर राहूनच गेला. जाणीवपूर्वक केलेल्या मोठ्या कृतीतही जुना थर असा एखाद्या विशेषणातून डोकावतो.

हा मागे राहिलेला थर प्रथम कथेने पकडला. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्याच्या शीर्षककथेतला तरुण शिकलेला आहे, रेल्वेत नोकरीला आहे, नव्या विचारांनी भारलेला आहे. परगावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून तो जात लपवतो. त्याच्या जाणिवेतल्या आत्मसन्मानात काहीही उणे नाही. तो उंच स्वरात बोलतो, लोकांना आवडतो, स्वतःला कुणापेक्षा कमी मानत नाही. तरीही प्रत्येक पावलाला तो सावध आहे. 'चोरली' हे क्रियापद बागुलांनी किती अचूक योजले आहे हे पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. जी गोष्ट आपली आहे ती चोरावी लागते, आणि चोरी म्हटली की पकडले जाण्याचे भय आलेच. अशा माणसाला स्वस्थ म्हणता येईल काय? 'स्वस्थ' या शब्दाची फोडच स्व-स्थ, म्हणजे स्वतःत राहणारा, अशी आहे. ज्याला स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरावे लागते तो शब्दाच्या मूळ अर्थानेच अस्वस्थ असतो.

'बलुतं'ने हीच अस्वस्थता रचनेच्या पातळीवर नेली. दया पवार (१९३५–१९९६) हे तोवर 'कोंडवाडा'चे (१९७४) कवी म्हणून प्रतिष्ठा पावलेले होते. सभा-संमेलनांत वावरणारा, नीटनेटका, नोकरदार दया पवार हा त्यांचा जाणिवेतला चेहरा. पण आत्मकथा लिहायला बसल्यावर त्यांनी 'मी'ला एकच तोंड दिले नाही. गावकुसाबाहेरचा, मुंबईच्या कावाखान्यातला, लाज आणि वासना आणि भूक यांच्यासह वाढलेला दगडू त्यांनी समोर बसवला आणि त्याला बोलू दिले. या युक्तीकडे समीक्षेने बहुधा निवेदनतंत्र म्हणून पाहिले आहे. आम्हांला ती त्याहून अधिक काही वाटते. प्रतिष्ठित झालेल्या माणसाने आपल्यातल्या अप्रतिष्ठित माणसाला बसायला जागा दिली, ही ती घटना आहे. फुल्यांच्या संवादात जोतीराव जाणता आहे आणि धोंडीबा विचारणारा आहे. पवारांच्या संवादात भूमिका उलटल्या आहेत. इथे दगड बोलतो आणि शिकलेला माणूस ऐकतो.

पुस्तकाचे स्वागत झाले तसे आक्षेपही आले. आपल्याच माणसांची लक्तरे चव्हाट्यावर का मांडली, असे दलित समाजातल्याच काही वाचकांनी विचारले. हा आक्षेप आज सहज बाजूला सारण्याकडे आपला कल असतो. तसे करू नये. नुकताच कष्टाने मिळवलेला जाणिवेतला सन्मान जपण्याची ती धडपड होती. ज्यांनी एका पिढीत दगडूचा मिलिंद केला त्यांना कुणी पुन्हा दगडू म्हणून हाक मारलेली कशी सहन व्हावी? तरी पवारांच्या पाठोपाठ आत्मकथनांची जी रांग लागली ती पाहता, लपवण्यापेक्षा सांगण्याने मोकळे वाटते असा अनुभव अनेकांनी घेतलेला दिसतो.

स्त्रियांच्या बाबतीत या थरांवर आणखी एक थर चढतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे कथन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे त्यांनी ते लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवले होते. बागुलांच्या नायकाने जात चोरली, बेबीताईंनी लेखन चोरले. चळवळीत निर्भयपणे उभी राहणारी स्त्री घरात मात्र आपली वही लपवते, तेव्हा आत्मसन्मान ही एक अखंड वस्तू नाही हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईने विणलेली बांबूची आयदाने घरोघर पोचवण्याचे काम लहान मुलीकडे असते. त्या पायऱ्यांवरचा संकोच पुढे शिक्षणाने, नोकरीने, कार्यकर्तेपणाने पुसला जातो. पण पुस्तकाला नाव देण्याची वेळ येते तेव्हा लेखिका त्याच टोपल्यांकडे परतते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत तिला नाते दिसते. पूर्वी ज्याची लाज वाटत होती तेच शीर्षक होते. नेणिवेतला सन्मान बदलतो का, या प्रश्नाला मराठीने दिलेले हे एक ठोस उत्तर आहे.

आता मानसशास्त्राकडे वळू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये दहा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. 'एकंदरीत मी स्वतःविषयी समाधानी आहे' अशा धाटणीच्या विधानांशी आपण किती सहमत आहोत ते सांगायचे. हा झाला जाणिवेतला सन्मान. १९८५ मध्ये बेल्जियमच्या जोझेफ नुटिन यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली : माणसांना अक्षरे दाखवून आवडीची निवडायला सांगितली, तर ती नकळत स्वतःच्या नावातली अक्षरे अधिक निवडतात. १९९५ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि महझरीन बनाजी यांनी अशा नकळत होणाऱ्या आत्ममूल्यांकनाला सैद्धांतिक चौकट दिली. पुढे दोन्ही थरांची तुलना होऊ लागली. २००३ मध्ये जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की जाणिवेतला सन्मान उंच आणि नेणिवेतला खालावलेला असेल तर माणूस अधिक बचावात्मक होतो, आत्मगौरवाकडे झुकतो, आपल्या गटाची बाजू अधिक हिरिरीने घेतो. २००७ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात हा फरक कोणत्याही दिशेने असला तरी दाबलेला राग, चिंता आणि आजारपणाचे दिवस यांच्याशी त्याचा संबंध आढळला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात जपान, चीन आणि अमेरिका या तिन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांचा नेणिवेतला सन्मान चांगलाच सकारात्मक दिसला. म्हणजे नम्रतेचे संस्कार ओठांवर बसतात, आतली आपुलकी त्यांनी आटत नाही. अमानित्वाची शिकवण घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला यात दिलासा आहे.

या संशोधनाने आम्हांला एक दृष्टी दिली. पण त्याच्या आधारे साहित्यिकांचे निदान करत सुटावे असे मात्र वाटत नाही. त्याला दोन कारणे आहेत. पहिले शास्त्राचेच. नेणीव मोजणाऱ्या कसोट्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, हे २००० पासून दिसत होते. २०११ च्या एका विस्तृत आढाव्यात तर त्यांतल्या सर्वाधिक वापरात असलेल्या दोन कसोट्या खरोखर आत्मसन्मान मोजतात काय, याविषयीच गंभीर शंका घेण्यात आली. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 'न्यूनगंड' हा शब्द मराठीत रुळल्यापासून आपण तो फार सहजपणे दुसऱ्याच्या मनात ठेवून मोकळे होतो. 'त्यांच्यात न्यूनगंड असतो हो,' हे वाक्य आम्ही अध्यापकांच्या खोलीत कैक वेळा ऐकले आहे. कधी बोललोही असू. पण गंड खरोखर कुठे असतो? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. त्यांचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुले जवळपास सारखीच कामगिरी करत होती. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी खाली आली. बुद्धी तीच, कोडी तीच, मधे फक्त एक हाक आली. ज्याला आपण मुलाच्या मनातला गंड म्हणतो तो त्या खोलीत होता, आणि खोली मोठ्यांनी तयार केली होती.

हा अभ्यास वाचल्यावर आमचे लक्ष स्वतःच्या हजेरीपटाकडे गेले. वर्गात येऊन पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्याने वाचणे ही आमची रोजची पहिली कृती. त्या वाचण्यात आमचा स्वर सर्वांसाठी एकच असतो असे आम्ही समजत होतो. एकदा आमच्यापैकी दोघांनी ठरवून एकमेकांच्या वर्गाबाहेर उभे राहून ऐकले. ओळखीच्या, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या, पुढच्या बाकावरच्या मुलांना आम्ही पहिल्या नावाने हाक मारत होतो. मागच्या बाकांवरच्यांसाठी आडनाव किंवा क्रमांक, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी नुसते 'ए, तू'. 'पंत' आणि 'या' यांतला भेद आम्ही 'बलुतं' शिकवण्याच्या तासालाच, पाठ सुरू होण्यापूर्वी, वर्गात करून दाखवत होतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आम्ही मुलांना आत्मविश्वास बाळगा म्हणून सांगत आलो आहोत. जाणिवेशी बोलणारी ती व्याख्याने वर्षातून दोनदा होतात. हजेरी रोज होते.

एका तासाला नुटिन यांच्या प्रयोगाचा खेळ आम्ही वर्गात करून पाहिला. वर्णमाला फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाला आवडीची तीन अक्षरे कागदावर उतरवायला सांगितली. याला प्रयोग म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बहुतेकांच्या कागदावर स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर होते आणि त्यावर हशाही पिकला. भांडुपच्या एका मुलीच्या कागदावर 'भ' होता. तिच्या नावात तो कुठेही नाही. तिला विचारले तर ती आधी लाजली, मग म्हणाली, 'सर, माहीत नाही. चांगला दिसतो.' हीच मुलगी जूनमध्ये 'मुलुंडच्या अलीकडे' राहत होती. एका अक्षरावरून सिद्धांत उभा करण्याचा मोह आम्ही आवरला. तरी तो कागद आमच्यापैकी एकाने अजून जपून ठेवला आहे.

'बलुतं'वरच्या चर्चेत मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, 'दगडू सांगत असतो तेव्हा दया त्याला गप्प का करत नाही?' वाङ्मयप्रकाराची, निवेदकाची, आत्मभानाची जी उत्तरे आमच्याकडे होती ती आम्ही दिली. त्याचे समाधान झाले नाही. 'पण त्याला तर आता चांगली नोकरी होती ना,' तो म्हणाला. त्याच्या प्रश्नात एक भीती होती : आपण शिकून वर गेलो की मागचा माणूस आपल्याबरोबर येईल का, आणि आला तर त्याचे काय करायचे? आम्हांला वाटते, मनःस्वास्थ्याचा प्रश्न येथे येऊन ठेपतो. मागच्याला कायमचे गप्प केले तर बागुलांच्या नायकाप्रमाणे जन्मभर पहारा द्यावा लागतो. त्याला बोलू दिले तर निदान दोघांची ओळख राहते. 'बलुतं' वाचताना जाणवणारी शांतता सुखाची नाही, ती या ओळखीची आहे. दया पवारांच्या वाट्याला ती सहज आली नव्हती, हे पुस्तकाचे पान न् पान सांगते.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकटे विचारतो, 'तुला काय म्हणून हाक मारू?' सर्वांना सारखी हाक मारणे पुरेसे होईल, अशी आमची आधी समजूत होती. ती चुकीची ठरली. कुणाला आडनाव नको असते, कुणाला आडनावच हवे असते, कारण ते आजोबांनी बदलून घेतलेले असते. एकाने घरचे लाडके नाव सांगितले आणि दुसऱ्याच आठवड्यात येऊन ते काढून टाकायला लावले. म्हणून हजेरीपटावर ही नावे आम्ही पेन्सिलने लिहितो. ज्याने दयाविषयी तो प्रश्न विचारला त्याच्या नावापुढचा कागद दोनदा खोडून आता थोडा विरळ झाला आहे. तिसरे नाव त्याने अजून सांगितलेले नाही.